परदेशी शिक्षण: पैसा कुणाचा, अट कुणाची?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींना तो माजरीसाठी जरा लांबचा वाटला असेल. इथं कोळशाच्या खाणी आहेत, रेल्वेचं जंक्शन आहे, कॉलनी आहे, आणि बोलायचं काय, तर परदेशी विद्यापीठांबद्दल! पण तुमच्या पायाखालच्या जमिनीपासूनच सुरुवात करू. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचं पहिलं सविस्तर पुस्तक १८७७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानं छापलं. लिहिणारे होते थिओडोर ह्यूज, इंग्लंडहून आलेले भूवैज्ञानिक. त्याच सुमारास वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली, ती या कोळशासाठीच. म्हणजे जमीन आपली, कोळसा आपला, पण तो कुठं आहे, किती खोल आहे, किती निघेल, हे सांगणारं शिक्षण समुद्रापलीकडं.

त्याच काळात बंगालचे प्रमथनाथ बोस १८७४ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनला गेले, भूशास्त्र शिकले आणि याच सर्वेक्षण खात्यात अधिकारी झाले. पण वरच्या जागेची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या इंग्रजाला ती जागा मिळाली आणि बोस यांनी राजीनामा दिला. शिक्षण सारखं, पण जागा सारखी नाही. परदेशी शिक्षणाच्या आपल्या इतिहासात ही तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते.

आज मी हा इतिहास एका विशिष्ट बाजूनं सांगणार आहे. आपण नेहमी काय सांगतो? अमुक माणूस गेला, किती कष्ट केले, केवढा मोठा झाला. ते खरंच आहे. पण मला दोनच प्रश्न विचारायचे आहेत. या माणसाच्या शिक्षणाचा पैसा कुणी दिला? आणि पैसा देणाऱ्यानं बदल्यात काय मागितलं? या दोन प्रश्नांची उत्तरं लावत गेलं की कोण परत आलं, कोण नाही आलं आणि का, हे बरंचसं उलगडतं.

आनंदीबाई जोशींपासून सुरुवात करू. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कोलकात्याहून बोटीनं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. वय अठरा. सोबत नवरा नाही, घरचं कुणी नाही. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला आणि ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. पैसा कुठून आला? सरकारी योजना नव्हतीच. अंगावरचं सोनं मोडलं, लोकांनी वर्गणी दिली, अमेरिकेत कार्पेंटरबाईंनी घर दिलं. आणि अट? कागदावर कुठलीच नाही, पण अट होती आणि फार कडक होती. निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंना जाहीर भाषण करावं लागलं. मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द त्यांना सगळ्यांसमोर द्यावा लागला. त्यांची हमी घेणारा समाज होता, आणि हमी पैशाची नव्हती, धर्माची होती, खाण्यापिण्याची होती, लुगड्याची होती. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी ती पाळली. तिथंच क्षयानं शरीर पोखरलं. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. पैसा लोकांचा असला की अट लोकांच्या नजरेची असते. ही अट आजही संपलेली नाही बरं का. मुलगी परदेशी निघाली की अजूनही पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो.

आता विसाव्या शतकात येऊ. इथं दोन शिष्यवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. १९०५ मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या श्यामजी कृष्ण वर्मांनी भारतीय विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकी दोन हजार रुपयांच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. अट अशी की, शिकून झाल्यावर ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही. याच मालिकेतली, पॅरिसच्या सरदारसिंग राणांनी ठेवलेली ‘शिवाजी’ शिष्यवृत्ती घेऊन विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले. शिफारस टिळकांची होती. परीक्षा दिल्या, पण ग्रेज इन या संस्थेनं त्यांना बॅरिस्टरची सनद नाकारली.

आणि आठ वर्षांनी, ४ जून १९१३ ला, बडोद्याला दुसरा एक करार झाला. बडोदा संस्थानानं भीमराव आंबेडकर या बावीस वर्षांच्या पदवीधराला अमेरिकेत शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं द्यायचे. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. म्हणजे बघा, एक दाता म्हणतो नोकरी करायची नाही, दुसरा म्हणतो नोकरी केलीच पाहिजे. दोन्ही अटी एकाच गोष्टीबद्दल आहेत: शिकलेला माणूस कुणाच्या कामी येणार?

कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी १९१५ मध्ये एम. ए. केलं, मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध वाचला आणि त्याच वर्षी लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. करारानं बोलावलं म्हणून ते बडोद्याला गेले. तिथं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. न्यूयॉर्कमध्ये वसतिगृहात खोली मिळाली होती, बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढलं. दहा वर्षांच्या कराराची नोकरी काही दिवसांत संपली.

इथं जरा थांबू या. या करारात बिनसलं काय? विद्यार्थ्यानं आपली बाजू पाळली होती. तो शिकला आणि परत आला. महाराजांनी पैसा दिला होता, त्यांच्याही मनात खोट नव्हती. पण करारात एक गोष्ट कुणीच लिहिली नव्हती: परत आलेल्या माणसाला उभं राहायला जागा कोण देणार? शिष्यवृत्ती माणसाला घडवून परत पाठवते, पण ज्या गावात तो परततो ते गाव तसंच राहिलेलं असतं. परदेशी शिक्षणाच्या चर्चेत जाण्याचीच गोष्ट होते. परतण्याची तयारी कुणी करायची, हे कुणी विचारत नाही.

पुढं बाबासाहेबांनी स्वतःच पैसा उभा केला. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२२ मध्ये त्याच ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एससी. मिळवली. प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. हा विषय लक्षात ठेवा, शेवटी मी त्याकडे परत येणार आहे.

यानंतर बाबासाहेबांनी जे केलं ते माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं महत्त्वाचं वळण आहे. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं एक निवेदन त्यांनी सरकारला दिलं. त्यात मागणी होती की, आमच्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून तरतूद करा, देशातल्या शिक्षणासाठी आणि परदेशातल्याही. म्हणजे महाराजांच्या मर्जीवर, मित्राच्या उसनवारीवर जे उभं होतं, ते आता हक्क म्हणून मागितलं गेलं. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्र सरकारनं २००३ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली, तिला नाव दिलं राजर्षी शाहू महाराजांचं. तिच्यात वर्षाला ७५ जागा आहेत. आदिवासी आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीही वेगळ्या योजना आल्या.

आता आपल्या जिल्ह्याकडं वळू. तेव्हाच्या चांद्यात १९२५ मध्ये भाऊराव देवाजी खोब्रागडे जन्मले. आपण त्यांना बॅरिस्टर राजाभाऊ म्हणतो. जंगलाच्या, लाकूडतोडीच्या या जिल्ह्यातून ते लंडनला गेले आणि बॅरिस्टर होऊन परत आले. मुंबई-दिल्लीत वकिली थाटली असती तर कुणी नावं ठेवली नसती. ते चांद्यालाच राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. नागपूरनंतर बाबासाहेबांच्या हस्ते दीक्षेचा मोठा सोहळा झाला तो इथं, आणि त्यामागे राजाभाऊंची मेहनत होती. पुढं ते राज्यसभेवर गेले, १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती होते. बडोद्याच्या करारात जी गोष्ट राहून गेली होती, परतणाऱ्याला उभं राहायला जागा, ती राजाभाऊंना इथल्या चळवळीनं दिली. त्यांच्यामागं माणसं होती म्हणून लंडनची पदवी चांद्यात उपयोगी पडली.

याच्या अगदी उलट गोष्ट शेजारच्या वर्ध्याची. पांडुरंग सदाशिव खानखोजे, जन्म १८८४. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अमेरिकेत पोचले. ना संस्थानचा पैसा, ना सरकारचा. पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या वेळच्या हिंदी विद्यार्थ्यांसारखे अंगमेहनतीची कामं करत ते शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीत ओढले गेले. अट कुणाचीच नव्हती, म्हणजे पूर्ण मोकळे! पण इंग्रज सरकारनं परतीचं दारच बंद करून टाकलं. १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या शेती विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं. दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकारानं आपल्या भित्तिचित्रात भाकरी वाटणारा माणूस रंगवला, त्याला चेहरा खानखोज्यांचा दिला. वर्ध्याच्या माणसाची विद्या मेक्सिकोच्या शेतकऱ्याच्या कामी आली. आयुष्याची शेवटची वर्षं ते नागपुरात राहिले, १९६७ मध्ये तिथंच गेले. विदर्भाच्या कोरडवाहू शेतीला हा माणूस तरुणपणी मिळाला असता तर? इतिहासात असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात, पण हा मला विचारावासा वाटतो.

तिसरी गोष्ट तुमच्या जंगलातली, आणि अगदी अलीकडची. डॉ. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या, डॉ. अभय बंग वर्ध्याचे. दोघंही नागपूरला एम. डी. झाले, गावात काम केलं आणि मग १९८४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. डॉक्टर तर आधीच झाले होते, मग तिथं काय शिकले? संशोधन कसं करायचं ते. प्रश्न मोजायचा कसा आणि सिद्ध कसा करायचा ते. परत येऊन त्यांनी गडचिरोली जिल्हा निवडला. तो जिल्हा झाला होता २६ ऑगस्ट १९८२ रोजी, म्हणजे जेमतेम चार वर्षांचा. तिथल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मग नवजात बाळांचा प्रश्न घेतला. ३९ गावांतल्या बायकांना बाळांची काळजी घ्यायला, आजार ओळखून उपचार करायला शिकवलं. १९९९ मध्ये जगाला सांगितलं की, त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज देशभर आशाताई घरोघर जाऊन बाळं तपासतात, त्या योजनेच्या मुळाशी हे काम आहे.

या गोष्टीतलं मर्म असं की, बंग दांपत्य परदेशी गेलं ते इथला प्रश्न बरोबर घेऊन. तिथं गेल्यावर विषय शोधला नाही. म्हणून त्यांची पदवी परत आल्यावर निरुपयोगी ठरली नाही.

आता आपण आजच्या माजरीत येऊ. इथंच सगळ्यात मोठा बदल झालाय. आज पैसा देणारा ना महाराजा आहे, ना क्रांतिकारक. बहुतेक घरांत तो बँक आहे. आणि बँकेची अट काय? ती म्हणते, कुठंही राहा, काहीही करा, हप्ता भरा. ऐकायला सगळ्यात सैल अट. प्रत्यक्षात सगळ्यात आवळणारी. कारण कर्ज परदेशातल्या फीच्या हिशेबानं काढलेलं असतं आणि ते चंद्रपूरच्या पगारातून फिटत नाही. म्हणजे परत यायचं की नाही, हे मुलानं ठरवायच्या आधीच कर्जाच्या कागदानं ठरवलेलं असतं. आपण मात्र म्हणतो, पोरगा तिकडंच रमला, आईबापाला विसरला. अहो, तो रमलाय की अडकलाय, ते आधी बघा.

आणि मघाशी म्हटलं तो रुपयाचा प्रश्न. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. आज तो ऐंशीच्या वर आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर पहिल्या वर्षाचा हिशेब दुसऱ्या वर्षी लागू पडत नाही. फी तेवढीच असते, रुपये जास्त लागतात. शिवाय शिकत असताना हप्ता नसतो म्हणून घरचे निर्धास्त असतात, पण व्याज चढतच असतं. बाबासाहेबांनी ज्या विषयावर लंडनमध्ये प्रबंध लिहिला, तो विषय आज माजरीतल्या बापाच्या पासबुकात शिरलाय.

शिवाय कोळसा कॉलनीची एक वेगळीच अडचण आहे, ती शहरातल्या सल्लागाराला कळत नाही. साधारणपणे साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. तारण म्हणजे घर, जमीन. आता इथं बघा. घर कंपनीचं क्वार्टर, ते गहाण ठेवता येत नाही. शेत होतं ते खुल्या खाणीत गेलं, त्याच्या बदल्यात नोकरी मिळाली. म्हणजे पगार आहे, पण तारण नाही. मग नजर जाते ती निवृत्तीच्या पैशाकडं. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी. तीस वर्षं धुळीत काम करून जमलेली ती एकरकमी पुंजी.

आणि शिष्यवृत्ती? केंद्राच्या योजनेला घरच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे आठ लाखांची. वेकोलीचा जुना कायम कामगार ओव्हरटाइम धरून ती मर्यादा ओलांडू शकतो. त्याच खाणीत ठेकेदाराकडं राबणारा मर्यादेच्या खूप आत बसतो, पण त्याच्या मुलाला इंग्रजीच्या परीक्षेची फी भरणंही जड जातं. एकाच पाळीला उतरणारे दोन बाप. एकाचा मुलगा शिष्यवृत्तीतून बाहेर, दुसऱ्याच्या मुलापर्यंत ती पोचतच नाही. यावर गावानं काहीतरी करायला हवं, हे काम एकेका घराच्या आवाक्यातलं नाही.

करता काय येईल? पहिली गोष्ट, कोणत्याही कागदावर सही करण्याआधी बाप-लेकीनं, बाप-लेकानं एकत्र बसून चार प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून काढावीत. पैसा कुणाचा? अट काय? नोकरी तिकडं मिळालीच नाही तर हप्ता कोण भरणार? आणि परत यायचं ठरलं तर या शिक्षणाचं इथं काय करता येईल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोरं राहिलं तरी चालेल, पण ते कोरं आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

दुसरी गोष्ट, एजंटाला विचारा की त्याला पैसे कोण देतं. बऱ्याच एजंटांना विद्यापीठाकडून प्रत्येक प्रवेशामागं दलाली मिळते. तो गुन्हा नाही, पण मग त्यानं सुचवलेलं विद्यापीठ तुमच्या मुलीसाठी चांगलं आहे की त्याच्या दलालीसाठी, हे तपासण्याचं काम तुमचं. फीमध्येही देशादेशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं, राहण्या-खाण्याचा खर्च दाखवावा लागतो. फ्रायबेर्गचं खाणकाम शिकवणारं विद्यापीठ त्याच देशात आहे, १७६५ पासूनचं. खाणीच्या गावातल्या किती मुलांनी त्याचं नाव ऐकलंय?

तिसरी गोष्ट मुलांसाठी. तुम्ही जगातल्या कुठल्याही विद्यापीठात जा, पण जाताना इथला एक प्रश्न बरोबर न्या. कोळसा काढून झालेल्या खड्ड्यांचं काय करायचं? मातीच्या ढिगाऱ्यांवर पुन्हा काय उगवेल? विहिरींचं पाणी का आटलं? खाण बंद पडेल तेव्हा या कॉलनीतली माणसं काय करतील? युरोपातल्या कित्येक कोळशाच्या गावांनी हा शेवटचा प्रश्न सोसलाय, त्यावर तिथं विभाग आहेत, पुस्तकं आहेत, चुकाही आहेत. माजरीवर ती वेळ आज ना उद्या येणार आहे. दीडशे वर्षांपूर्वी बाहेरून शिकून आलेल्या माणसानं इथला कोळसा मोजला. तो संपल्यावर काय, याचा हिशेब मांडणारी व्यक्ती याच कॉलनीतल्या शाळेत शिकलेली असावी, एवढीच माझी इच्छा आहे. तिनं परत येऊन इथंच राहावं अशी अट मात्र मी घालणार नाही. अटी घालणारे आधीच पुष्कळ आहेत. ती आली, तर तिला उभं राहायला जागा देण्याची तयारी मात्र आपण आत्तापासून करायला हवी.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागं बसलेल्या मुलींनी आधी विचारावेत.